पाठमोरी वाटणी

आमच्या ह्यांना कंपवात झाला तेव्हा अख्ख्या रोह्याने डॉक्टरकी करून घेतली. कुणी खाजकुयलीचं चूर्ण सांगितलं, कुणी शनिवारचं तेल. शेजारच्या विमलबाईंनी तर निदानच करून टाकलं, "भाऊंना फार विचार करायची सवय ना, त्यामुळे." अहो, जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. विचार नाही करणार तर काय लेझीम खेळणार?

हात थरथरतो याचं मला एवढं नव्हतं. माणूस चारचौघांत जेवेनासा झाला, याचं होतं. एका लग्नात आमटीची वाटी ओठांपर्यंत येईतो निम्मी सदऱ्यावर आली आणि समोरची पोरं फिदीफिदी हसली. त्यानंतर हे स्वयंपाकघराचं दार लावून जेवायला लागले. मलासुद्धा बाहेर बसवायचे. ज्यांनी आयुष्यभर माझ्या आमटीला नावं ठेवली, ते आता तीच आमटी चोरून खात होते. देवाकडे माझं मागणं एकच राहिलं होतं, ह्यांनी परत माणसांत बसून जेवावं.

पेणला रामवाडीत मेंदूचे डॉक्टर आहेत, डॉ. सुश्रुत. पोरगा हुशार, फक्त बोलताना आपल्याकडे कमी आणि कॉम्प्युटरकडे जास्त बघतो. त्याने सांगितलं, "काका, एका नवीन औषधाची ट्रायल आहे. पूर्ण केलीत तर पुढे वर्षभर औषध फुकट." मग ट्रायलचं सगळं बघणारी नम्रता आली. तिने समजावलं की अर्ध्या पेशंटना खरी गोळी मिळते आणि अर्ध्यांना रिकामी, म्हणजे आत औषधच नाही. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली मिळाली ते पेशंटला ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही ठाऊक नसतं.

"डॉक्टरला ठाऊक नाही, यात नवीन काय?" मी विचारलं. नम्रता हसली नाही. हसणं तिच्या कामात बसत नसावं.

तिथल्याच बाकावर कान्हू आणि त्याची बायको पुतळी भेटली. वडखळच्या पुढे खाडीकाठचं गाव त्यांचं. कान्हूचा जन्म मिठागरात गेलेला, आणि आता त्याचाही हात ह्यांच्यासारखाच हलायचा. दोघे शेजारी बसले की अख्खा बाक वाजायचा. तोही ट्रायलमध्ये आलेला. पहिल्याच दिवशी अशी गट्टी जमली की विचारू नका.

"गुरुजी, म्हंजे आपल्यातल्या एकाला रिकामी गोली?" कान्हूने विचारलं.

"एकालाच असं नाही. दोघांनाही खरी असेल, दोघांनाही रिकामी असेल." ह्यांना बऱ्याच वर्षांनी विद्यार्थी मिळाला होता.

"आमच्यात असं नाय," कान्हू म्हणाला. "जालं सगल्यांचं असलं ना, का मासली एका जागी वततात, ढवलतात, न् सारखे वाटे करतात. मंग एक मानूस पाठ करून हुबा ऱ्हातो. वाट्यावर बोट ठेवून त्याला इचारायचं, ह्यो कुनाचा? त्यो नाव सांगल त्याचा. त्याला दिसत नाय, म्हनून कुनाचं भांडान नाय."

"कंपनीपण तेच करते, फक्त आधी ढवळत नाही," हे म्हणाले.

"मंग तिथंच चुकतं ना कंपनीचं!"

झालं! दोघांनी मिळून औषधशास्त्र दुरुस्त करायला घेतलं. महिन्याच्या बाटल्या मिळाल्या की आम्ही चौघं खालच्या चहाच्या टपरीमागे जायचो. कान्हूच्या टॉवेलवर दोन्ही बाटल्या ओतायच्या. ढवळायचं काम हे दोघे करायचे, त्यात त्यांना काही कष्ट नव्हते, हात आपसूक हलतच होते. वाटे पुतळी करायची. आणि पाठ करून उभी कोण? तर मी, बी.ए. झालेली आनंदीबाई. हायवेवरचे ट्रक बघत मी नावं पुकारायची. "ह्यो कुनाचा?" "कान्हूचा." "न् ह्यो?" "ह्यांचा."

"असं चालतं का हो?" मी एकदा विचारलं.

"दोघांपैकी कुणी कोरडा राहणार नाही, आनंदी. साधी सरासरी आहे." गणितापुढे मी कधीच बोलले नाही, तेव्हाही नाही बोलले.

आणि काय सांगू, गुण आला! आमच्या आसावरीच्या नदीपलीकडे अष्टमी गावातल्या नव्या घराची वास्तुशांत होती. लेकीच्या घरी तरी हे दार लावून बसणार की काय, या धास्तीने मी आठवडाभर झोपले नव्हते. तर हे सरळ पंगतीत जाऊन बसले. हात हलत होता, पण घास तोंडात जात होता. मठ्ठ्याची वाटी उचलली, प्यायले, खाली ठेवली, थेंब सांडला नाही. मी जिलबीचं ताट घेऊन तशीच उभी, आसावरी ओरडली तेव्हा भानावर आले. इतका आनंद मला तिच्या लग्नातही झाला नव्हता.

पुढच्या खेपेला मी पुतळीला ते चांगलं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "बाय, तुमचं नशीब. आमच्या मेल्याची शर्टाची बटनं अजून मीच लावते." मी म्हटलं, औषध सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. दुसऱ्याच्या दुखण्याबाबत आपण फार समजूतदार असतो.

मग रक्त तपासायला गेलं, आणि थोड्या दिवसांनी नम्रताचा फोन आला. गोळ्या बंद करा, महिनाअखेरीस दोघेही या. महिना सरेस्तोवर हात पुन्हा पूर्वपदावर, आणि स्वयंपाकघराचं दार पुन्हा बंद.

पेणला डॉक्टरांनी चौघांनाही आत घेतलं. आज ते कॉम्प्युटरकडे बघत नव्हते, तेव्हाच मी समजले.

"काका, तुमच्या रक्तात औषध सापडलंय."

"मग चांगलंच की!" मी म्हटलं.

"काकू, सापडायला नको होतं. कंपनीने आता यादी उघडून पाहिली, त्यांना रिकाम्या गोळ्या होत्या. खऱ्या कान्हूमामांना होत्या, आणि त्यांच्या रक्तात पाहिजे त्याच्या निम्मंच औषध आहे."

ह्यांनी टपरीमागची हकीकत खरी खरी सांगितली, अगदी सरासरीसकट. रक्तात औषध सापडलं म्हणून हाकललेला पेशंट मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका माझा नवरा निघाला.

"आमचं नाव काढा," मी म्हटलं. "हवं तर मला चार शिव्या घाला. पण कान्हूला राहू दे. यापुढे त्याच्या गोळ्या तोच खाईल."

"प्रोटोकॉल आहे, काकू. दोघेही बाद. पुढचं फुकट औषधही नाही."

"मग विकत द्या. आम्ही आणून देतो त्याला."

"ते अजून बाजारातच नाही."

देव कोपला तर नारळ ठेवता येतो. प्रोटोकॉलपुढे काय ठेवायचं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

बाहेर आलो आणि पुतळी फुटली. एरवी 'बाय, तुमी' म्हणणारी एकदम तूवर आली. "पाठ करून हुबी होतीस ना तू? दर खेपेला आमचं औषध पदरात बांधून घरी नेलंस! तुजा नवरा पंगतीत जेवला, न् माज्या म्हाताऱ्याचं एक बटान लागलं नाय!"

"गप गो," कान्हू म्हणाला. "जाल्यात एकच मासा व्हता. कुनाला ठावं, कुनाच्या बाजूचा?"

"तुज्या बाजूचा व्हता, मेल्या! तुज्या!" आणि ती रडायला लागली.

तिचं अक्षरन् अक्षर खरं होतं. हे बाकावर खाली मान घालून बसले होते. "मी त्याचा हात खाल्ला, आनंदी," एवढंच म्हणाले.

मग पुतळीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पहिला घास तिने कान्हूच्या तोंडात घातला. मग एक भाकरी ह्यांच्यापुढे धरली.

"घ्या, गुरुजी."

ह्यांनी मान हलवली.

"घ्या म्हनते ना. ह्यात रिकामं काय नाय."

ह्यांनी घेतली. बाक माणसांनी भरलेला, सगळ्यांचे डोळे इकडेच. हात असा हलत होता की पहिला घास गालाला लागला, दुसऱ्याचं बिरडं सदऱ्यावर. तरी हे खात राहिले. नम्रता धावत आली, "इथे खायला परवानगी नाही."

"लिही तुझ्या प्रोटोकॉलात," मी म्हटलं.

तेवढ्यात पुतळीने उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातात कोंबली. "माजा राग गेला असं समजू नको," ती म्हणाली. "राग हाय, त्यो ऱ्हानार. पन जेव."

मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि खाल्ली.