अलेगोच्या लेकीचा हात

अपोंडी मानसशास्त्राचं एम.ए. करत होती, तेव्हा केनियात सियायाजवळच्या दवाखान्याच्या आवारात आंब्याखाली बसून बायकांना त्यांच्या मनाचं विचारायची. तिथं पर्पेटुआ यायची. पण आमच्याकडे सुनेला तिच्या नावानं कोण हाक मारतं? माहेर अलेगोचं, म्हणून ती सगळ्यांची ‘अलेगोची लेक’.

“चार आठवडे झाले, मन कसंय, मन कसंय विचारतीयस,” ती एकदा वैतागून म्हणाली. “अगं पोरी, घरात पीठ नाही. ते आण, मग मनाचं बघू.”

हे अपोंडीच्या जिव्हारी लागलं. तिनं मानसशास्त्राला रामराम ठोकला आणि नैरोबीला जाऊन विकासाचं अर्थशास्त्र धरलं. “धड डॉक्टरीण नाही, धड बँकवाली नाही,” आई म्हणाली. आई काही चुकली नव्हती.

तीन वर्षांनी ती स्वतःचा प्रयोग घेऊन परतली. हातात पैसे दिले तर माणसाची उदासी हटते का, हे तिला बघायचं होतं. वीस गावं निवडली. दहांना पैसे, दहांना नुसते प्रश्न. कुठल्या गावाला काय, ते सगळ्यांदेखत ठरायचं. घमेल्यात सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, पांढरं आलं तर पैसे, लाल आलं तर नाही. झाकण एरवी गावचा म्हातारा काढायचा. अलेगोच्या लेकीच्या गावात मात्र अपोंडीला तो मान तिला द्यायची हौस आली.

“मावशी, तुम्ही काढा.”

अलेगोची लेक लाजली, हात कमरेच्या कापडाला पुसून पुढं आली. झाकण लाल निघालं.

“हिच्या हाताला कधी यश होतं?” मागून कुणीतरी म्हणालं.

सहा महिन्यांनी अपोंडी प्रश्नांचे कागद घेऊन तिच्या अंगणात बसली. विकायची सुकी मासळी टोपलीत तशीच पडून होती.

“कुणी घेत नाही,” अलेगोची लेक म्हणाली. “पेरणीचं बी निवडायला आधी मलाच बोलवायचे. आता शिवू देत नाहीत. गावाचं नशीब मी घालवलं म्हणे.”

अपोंडीला रडू फुटलं. कालच तिच्या नैरोबीच्या प्राध्यापकांचा फोन आला होता. लाल गावांत उदासी वाढलीय, फरक छान दिसतोय, तुझा प्रबंध झालाच समज, असं ते म्हणाले होते.

“मावशी, चूक माझी. मीच तुम्हाला पुढं केलं.”

“मग चल, गावात सांग. हिच्या हाताचा दोष नाही म्हणावं. तुझं ऐकतील.”

अपोंडी उठली नाही. “अजून सहा महिने थांबा. आत्ता सांगितलं तर लोकांची उत्तरं बदलतील. प्रयोग बिघडेल.”

 अलेगोची लेक पाय पोटाशी घेऊन बसली.

“विचार,” ती म्हणाली. “पुढं काय विचारायचंय ते विचार.”

“गेल्या आठवड्यात जीव नकोसा वाटला, असे किती दिवस?” अपोंडीनं विचारलं आणि पेन उघडलं.