पाइपाचं तोंड

"ज्योत पिवळी कधीपासून येतेय?" गिझरचं झाकण काढून खाली ठेवत मापाडीने विचारलं.

"झाला असेल दीडएक महिना," घरमालक न्हाणीघराच्या दारातूनच म्हणाला. पायात ऑफिसचे बूट चढवलेले, एक डोळा घड्याळावर. "पाणी तापतं हो नीट. पण हिचं आपलं, एकदा दाखवून घ्या, दाखवून घ्या. तेवढा बर्नर साफ करा, की झालं."

मापाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. गॅसचे गिझर बसवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. भिंतीला भोक पाडण्याआधी तो टेप लावून इतक्या वेळा मोजायचा, की हार्डवेअरच्या दुकानात जमणाऱ्या प्लंबरांनी हे नाव त्याला चिकटवून दिलं. 'खिडकीपासून चार फूट' हे त्याचं पालुपद. जळलेला वायू बाहेर टाकणारा पाइप जिथे निघतो, त्याचं तोंड कुठल्याही उघडणाऱ्या खिडकीपासून चार फूट तरी लांब पाहिजे, आणि त्याच्यापुढे मोकळी हवाच पाहिजे. भिंतीची शोभा जाते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायचं. मापाडी वाद घालायचा नाही. हत्यारं पिशवीत भरायला लागायचा. मग गिऱ्हाईक नरमायचं.

हा गिझरही त्यानेच नऊ वर्षांपूर्वी बसवला होता. घर सगळ्यात वरच्या मजल्यावरचं. न्हाणीघराला लागून उघडी गॅलरी, वर आभाळ, समोर मैदान. पाइपाचं तोंड त्याने गॅलरीच्या टोकाला काढलं होतं. याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

त्याने बर्नर काढून ब्रशने घासला, परत बसवला, नळ सोडला. ज्योत निळी आली. झाकण उचलायला तो वाकला, आणि वर बघतो तो ज्योतीची टोकं पुन्हा पिवळी होऊन लवलवायला लागली होती. हवा कमी पडत होती, नाहीतर घाण हवाच परत आत येत होती.

"जरा बाहेरून बघतो," तो म्हणाला आणि गॅलरीच्या दाराकडे गेला.

गॅलरी नव्हतीच. तिन्ही बाजूंनी काचेच्या सरकत्या खिडक्या, वर पत्रा, पत्र्याखाली पांढरं छत. भिंतीला लागून एक पलंग, पलंगावर गुडघ्यापर्यंत पांघरूण घेऊन बसलेले आजोबा. उशीच्या वर हातभर अंतरावर पाइपाचं तोंड होतं, आणि त्याला अडकवलेल्या हँगरवर आजोबांचा सदरा लटकत होता.

मापाडीने आधी सदरा काढला आणि एकामागून एक खिडक्या सरकवायला सुरुवात केली.

"अहो, वारा लागतो त्यांना!" मागून सून म्हणाली.

"लागू दे. हे इथेच झोपतात?"

"गॅलरी बंद केल्यापासून. दोन महिने झाले. नातीची बारावी आहे ना, तिला खोली दिलीय."

"मीच म्हटलं, दे," आजोबा म्हणाले. आवाज जड होता, झोपेतून ओढून काढल्यासारखा.

"सकाळी आंघोळी किती वाजता?"

"साडेपाचपासून. तिघांच्या."

"आणि तेव्हा हे झोपलेले. खिडक्या बंद." मापाडी पलंगाशी उकिडवा बसला. "आजोबा, डोकं दुखतं का?"

"सकाळी दुखतं. मळमळतं. दुपारी उतरतं."

सुनेच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "दुपारी मी खिडक्या उघडते," ती हळूच म्हणाली. "झाडायला."

आजोबा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. वेलांटी चुकलेली त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची, असं घरातले सांगत. गेल्या दोन महिन्यांत मात्र गाडी रुळावरून घसरली होती. पेपर हातात धरून तासभर एकाच पानावर बसायचे. गॅस चालू ठेवून विसरले, तेव्हापासून सुनेने त्यांचं चहा करणं बंद केलं होतं. डॉक्टरांनी वय झालं म्हणून स्मरणाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

मापाडी उठला, स्वयंपाकघरात गेला आणि गिझरकडे जाणारा गॅसचा कॉक बंद केला. वर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले.

"हे काय?" घरमालकाचा आवाज चढला. "साफ करायला बोलावलं, तर बंद करून मोकळे?"

"यातून जो वायू निघतो ना साहेब, त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळतच नाही. आधी डोकं जड होतं, मग विसरायला होतं. मग एखाद्या दिवशी उठवायला गेलं, की माणूस उठत नाही. यांना आजच्या आज डॉक्टरकडे न्या. रक्त तपासायला सांगा, आणि हे सगळं सांगा, गॅलरीचंसुद्धा."

घरमालकाने पायातले बूट काढून बाजूला ठेवले. मग, अशा वेळी माणसं करतात तसं, एकदम हिशेबी झाला. "पाइप काचेतून बाहेर काढला तर? एक काच कापू."

"शेजारची काच सरकते. निघालेलं सगळं त्यातून परत आत. चार फूट कुठून आणणार?"

"मग काय गॅलरी पाडू? बंद केली तेव्हा कुणी तरी सांगायचं होतं. त्या काचवाल्यांनी तरी."

"तू यांना फोन केला होतास," आजोबा म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. आजोबांनी मान वर केली नव्हती. पांघरुणाचा काठ बोटांनी चाचपत ते बोलत होते. "माझ्यासमोर केलास. म्हणालास, गॅलरी बंद करतोय, पाइपाचं काही करावं लागेल का? हे म्हणाले, थांबा, येऊन बघतो. मग आलेच नाहीत."

"बाबा, काहीतरीच काय!" मुलगा वैतागला. मग मापाडीकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, "मनावर घेऊ नका. हल्ली असंच होतं यांचं. परवा म्हणत होते, छापखान्यातून बोलावणं आलंय."

मापाडीला फोन आठवत होता. तो कुणाच्या तरी माळ्यावर होता, हातात पाना, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. 'उद्या-परवा येऊन बघतो, तोवर थांबा,' असं तो म्हणाला होता. खाली उतरल्यावर वहीत लिहायचं राहिलं. त्या दिवशी घरी कुणी आजारी नव्हतं, कामाचा डोंगरही नव्हता. त्याने मनातल्या मनात एखादं मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही. साधं विसरला होता.

मुलाला आठवत नव्हतं. सुनेला माहीत नव्हतं. ज्याला आठवत होतं, त्याचं म्हणणं या घरात कुणी खरं धरत नव्हतं. गप्प बसलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

"ते बरोबर सांगताहेत," मापाडी म्हणाला. "फोन आला होता. मी येतो म्हणालो, आणि विसरलो."

उघड्या खिडकीतून खालच्या मैदानातला गलका आत येत होता.

"तुम्ही विसरलात," मुलगा शेवटी म्हणाला.

"हो."

आजोबांनी आता मान वर केली. मापाडीकडे नव्हे, मुलाकडे बघितलं. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं," ते म्हणाले.

सुनेने तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली.

दुपारी डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि मापाडीच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब झालं. आजोबांना तीन दिवस ऑक्सिजन लावून ठेवलं. तेवढ्या दिवसांत मापाडीने पाइप छतातून वर काढायचं ठरवलं. न्हाणीघराच्या स्लॅबला भोक पाडायचं, पाइप सरळ उभा चढवायचा आणि गच्चीच्या वर पुरुषभर उंचीवर तोंड काढून त्यावर टोपी बसवायची. काम दोन दिवस चाललं. मुलगा रजा घेऊन घरी होता. पहिल्या दिवशी तो गच्चीकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी पाइप उभा धरायला माणूस लागला, तेव्हा बाह्या सारून स्वतःच पुढे झाला. गच्चीवर दोघं समोरासमोर उभे होते. मापाडी पाइप ओळंब्यात आहे का बघत होता.

"मी तरी दुसरा फोन कुठे केला?" मुलगा म्हणाला.

"पाइप जरा उजवीकडे घ्या," मापाडी म्हणाला.

गिझर सुरू करून तो अर्धा तास ज्योतीसमोर बसून राहिला. ती निळीच राहिली. जुनं भोक त्याने स्वतः सिमेंटने बुजवलं.

आजोबा घरी आले. डोकं दुखणं गेलं, मळमळ गेली. पेपर पुन्हा वाचायला लागले, सुनेच्या हातून चहाचं भांडंही त्यांनी परत घेतलं. पण काही शब्द गेले ते गेलेच. पंधरा दिवसांनी मापाडी बघायला गेला, तेव्हा ते खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "ते जरा, ते... सरकवा." नात पटकन म्हणाली, "काच, आजोबा." "हां, काच," ते म्हणाले आणि हसले. मग मापाडीला म्हणाले, "तुम्ही बसा. चहा घेऊन जा." चहा त्यांनी स्वतः केला. साखर घालायची राहिली होती. मापाडीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्या संध्याकाळी त्याने कपाटावरच्या सगळ्या जुन्या वह्या खाली काढल्या. सव्वीस वर्षांत बसवलेल्या गिझरांचे पत्ते होते. काही शाई उडालेले, काही त्यालाच न लागणारे. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला निघताना दोन तास आधी बाहेर पडायला लागला. हार्डवेअरच्या दुकानात त्यावरून थट्टा झाली. "मापाडी, न बोलावता जाणारा मिस्त्री आम्ही पहिल्यांदाच बघतोय." तो हसायचा आणि पुढच्या पत्त्याला जायचा. काही घरांत लोक ओळखायचे, पाणी द्यायचे. काही घरं पाडून तिथे नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तीन घरांत त्याला पाइपासमोर बांधलेल्या भिंती सापडल्या, एका ठिकाणी तोंडातच पक्ष्याचं घरटं.

एका दारात साखळीच्या फटीतून बाई म्हणाली, "आम्ही कुणाला बोलावलं नाही."

"नाही बोलावलं, ताई. गिझर मी बसवला होता. फक्त पाइप बघायचा होता."

"आता घरात कुणी नाही. नंतर या." दार बंद झालं.

तो जिना उतरला. वळसा घालून इमारतीच्या मागच्या गल्लीत गेला, पिशवी पायाशी ठेवली आणि उन्हाकडे हात आडवा धरून वर बघत उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावर पाइपाचं तोंड दिसत होतं. खिडकी तिथून किती लांब होती, ते तो नजरेने मोजायला लागला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते.