ऐरणीच्या कडेतली चीर

मित्रांनो, मी ऐरण आहे. लोहार तापलेले लोखंड ज्यावर ठेवून ठोकतो, तो ठोकळा. वय विचारू नका, माझे मलाच आठवत नाही. वजन मात्र सांगते. मला हलवायला चार माणसे लागतात आणि त्यातले एक तरी पुढे आठवडाभर कंबर धरून चालते. सध्या मी कारखान्याच्या मागच्या अंगणात भिंतीशी पडून आहे. इथे का आले, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे अंग लोखंडाचे आणि तोंडावर पोलादाची जाड पाटी. त्या पाटीवरच माझी सगळी मिजास. चांगल्या ऐरणीवर हातोडा पडला की ती खणखणीत वाजते आणि हातोडा आपणहून वर उडतो. माझा आवाज तर तीन घरे ओलांडून जायचा. मला गर्व होता, कबूल करते.

मला विकत घेतले ते एका तरुण लोहाराने. पुढे त्याला मुलगी झाली. ती त्याला बाबा म्हणू लागली, तशी मीही त्याला बाबाच म्हणू लागले. तीन मजली घराच्या तळमजल्यावर बाबांचा छोटा कारखाना होता. कोपऱ्यात धुराड्याखाली भट्टी, भिंतीलगत कामाचे लांब टेबल, त्याच्या वर भिंतीला कानशी आणि सांडशा ओळीने टांगलेल्या. मधोमध लाकडाच्या ओंडक्यावर मी. रस्त्याकडच्या खिडकीत तयार वस्तू मांडलेल्या असत. दाराच्या मुठी, खुंट्या, दिवा टांगायचे आकडे, तांब्याचे ठोकीव वाडगे. सगळे काम हाताचे, त्यामुळे एक आकडा दुसऱ्यासारखा कधी होत नसे. एकदा एक गिऱ्हाईक कुरकुरले, "अहो, मला जोडी हवी होती." बाबा म्हणाले, "जोडीच आहे की. नवराबायको कुठे सारखे दिसतात?" दोन्ही आकडे खपले.

एवढे बोलणे म्हणजे बाबांसाठी भाषणच होते. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशीच लागली असती. मुलीला त्यांनी सगळे काम दाखवून शिकवले, सांगून नाही. लोखंड किती लाल झाले की बाहेर काढायचे, हातोडा कुठे धरायचा, सगळे नुसते करून दाखवायचे. ती बघायची आणि तसेच करायची. लहानपणी ती नको तिथे उडायची, म्हणून तिचे नाव ठिणगी पडले. मोठी झाली तरी ते नाव सुटले नाही.

बाबांचा एक नेम होता. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी ते लहान हातोडीने माझ्यावर तीन ठोके मारत. एक चोचीवर, म्हणजे माझ्या पुढच्या निमुळत्या टोकावर, एक मधोमध आणि एक डाव्या कडेवर. मान वाकडी करून ऐकत आणि मगच कामाला लागत. ती माझी तपासणी होती, मित्रांनो. ऐरणीला कुठे तडा गेला तर डोळ्यांना दिसण्याआधी तो कानांना कळतो. आवाज बसका आला की त्या ऐरणीवर काम करायचे नाही, कारण घाव बसता बसता तिचा तुकडा सुटतो आणि गोळीसारखा उडतो. बाबांना हे ठाऊक होते. पण त्यांनी ते मुलीला कधी सांगितले नाही. त्यांना वाटले, ती रोज बघतेच आहे.

आयुष्यभर घाव ऐकून लोहाराचे कान जातात. बाबांचेही गेले. पहिली दोन वर्षे त्यांनी ते लपवले. कोणी काही बोलले की हसून मान डोलवायचे. हातही आता थरथरू लागला होता. अशाच एका दुपारी त्यांचा घाव चुकला. लोखंडावर पडायचा तो हातोडा माझ्या उघड्या डाव्या कडेवर बसला. बाहेर ओरखडासुद्धा उमटला नाही. आत मात्र केसाएवढी चीर गेली.

दुसऱ्या दिवशी तीन ठोके पडले. पहिले दोन खणखणीत, तिसरा बसका. मी जिवाच्या आकांताने तो बसका आवाज दिला होता, कारण मला बोलायला तेवढेच येते. बाबांनी मान वाकडी केली, ऐकले आणि भट्टी पेटवली.

त्यांना तो ऐकूच आला नव्हता.

त्याच आठवड्यात बाबांनी हातोडा खाली ठेवला आणि कारखाना ठिणगीच्या हाती आला. तिने तो छान चालवला. खिडकीतल्या वस्तू ती दर सोमवारी बदलायची, त्यांचे फोटो काढायची, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून लांबलांबच्या गावांना पाठवायची. बाबा टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि मुठींना कानस मारायचे. सगळे बरे चालले होते, असे बघणाऱ्याला वाटले असते.

पण ती कामाला लागली त्या पहिल्याच सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या होत्या.

"ठिणगे, अगं नातीचा आत्ता कुठे डोळा लागतो आणि तुमची घंटा सुरू! दीड महिन्याची आहे गं ती. काहीतरी कर, बाई."

"करते काकू. आजच करते."

आणि तिने केले. चौघांना बोलावून मला उचलवले, माझ्याखाली रबराचा जाड तुकडा सरकवला आणि कंबरेला जड साखळी आवळून बांधली. साखळी बांधली की ऐरण वाजत नाही, हे लोहारांना माहीत असते. काकू खूश झाल्या, नात गाढ झोपू लागली आणि मी मुकी झाले. मला काकूंचा राग येत नाही. तान्ह्या बाळाला झोप हवीच. ठिणगीचाही येत नाही. तिने शेजारधर्म पाळला. तरी त्या साखळीचा मला फार राग येतो.

बाबांचा नेम मात्र तिने मोडला नाही. रोज सकाळी तीन ठोके, त्याच जागी, त्याच क्रमाने. वर लाडाने म्हणायची, "चल गं, ऊठ आता." साखळीमुळे तिन्ही ठोके सारखेच मंद यायचे. ती ऐकतही नव्हती. ऐकायचे असते, हेच तिला माहीत नव्हते.

चीर वाढत होती. रोज थोडी, जाणवेल न जाणवेल इतकी. ठिणगी माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची, कारण खिडकीचा उजेड तिथे चांगला पडायचा. तिचे उजवे मनगट दिवसभर त्याच कडेवरून जायचे यायचे. तो तुकडा सुटला तर कुठे जाईल, हे मला माहीत होते. तिचा हात वर गेला की मी धास्तावायची, खाली आला की सुटकेचा निःश्वास टाकायची. असे आठ महिने गेले. माझा जीव टांगणीला लागलेला आणि ती गुणगुणत वाडगे ठोकत बसलेली.

मग एका शाळेच्या फाटकासाठी चार मोठ्या बिजागऱ्यांचे काम आले. जाड पट्टी, जड घण. एकटीचे काम नव्हे. पट्टी धरायला बाबा उठले. किती दिवसांनी दोघे समोरासमोर उभे राहिले होते! बाबांचा चेहरा उजळला होता. घण बघून मात्र ते थांबले आणि माझ्याकडे वाकले.

"हे काय बांधलंय?"

ठिणगीने वर बोट दाखवले आणि दोन्ही हातांनी बाळ झोपवल्यासारखे केले. बाबा हसले. पण त्यांनी साखळी सोडली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, वाचले ही पोर! बाबांनी लहान हातोडी तिच्या हातात दिली. "जड काम आहे. आधी ठोके मार."

तिने मारले. पहिला वाजला. दुसरा वाजला. तिसरा बसका आला, फुटक्या मडक्यासारखा. याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही.

बाबांनी तिच्या तोंडाकडे बघत विचारले, "कसा आला आवाज?"

ती क्षणभर घुटमळली. तिला वाटले, ऐरण जुनी आहे, खाली रबर आहे, असाच येत असेल. आणि बाबा इतक्या दिवसांनी कामाला उभे राहिले होते. त्यांचा हिरमोड करायचा कशाला? ती त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "छान आला, बाबा!"

"खणखणीत?"

"हो, एकदम खणखणीत!"

बाबांनी समाधानाने मान हलवली आणि लाल पट्टी माझ्या डाव्या कडेवर धरली.

सातव्या घावाला तुकडा सुटला. बोराएवढा असेल. तिच्या उजव्या मनगटात शिरला. घण जमिनीवर पडला. ती नुसती हाताकडे बघत राहिली. बाबा विचारत राहिले, "काय झालं? काय झालं गं?"

मनगट भरून आले, पण दोन बोटे आता मिटत नाहीत. ठिणगी हातोडा धरते आणि तो निसटतो. ती डाव्या हाताने नव्याने शिकते आहे. बिजागऱ्यांचे काम परत गेले. खिडकीतल्या वस्तू महिनाभर त्याच आहेत आणि दार बहुतेक दिवस बंदच असते.

मला अंगणात आणून टाकले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा आले. माझ्या तुटलेल्या कडेवर त्यांनी हात फिरवला आणि माझ्याशी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ते ठोके आवाज तपासायला असतात, एवढं एकदा तरी तिला सांगायला हवं होतं मी."

ठिणगी त्यांच्या मागे दारात उभी होती. तिने ते ऐकले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, ते ठोके मारून तुम्ही ऐरणीला उठवता."

बाबांची तिच्याकडे पाठ होती. त्यांना काही ऐकू आले नाही. ते माझ्या कडेवर हात फिरवत राहिले आणि ती आत निघून गेली.

दोघांचे बोलणे ऐकणारी मी एकटीच होते, आणि मला ते त्यांना सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. घरातले मोठे माणूस रोज काही करत असेल, तर ते का करते, हे त्याला विचारा. ते वैतागले तरी विचारा. आणि उद्या तुम्ही कोणाला काही शिकवाल, तेव्हा नुसते करून दाखवू नका. त्याच्या समोर बसा, त्याच्या तोंडाकडे बघा आणि सांगा.