सारजाची रतन

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. माझे नाव रतन. शेळगावात ठमाबाईच्या दारातल्या कडुनिंबाखाली मी बांधलेली असते. पण माझे खरे घर कालव्यापलीकडे होते, सारजाकडे.

सारजाच्या सासऱ्यांच्या वेळी त्या घरात मोठा कळप होता. माझा जन्म होईपर्यंत थोड्याच शेळ्या उरल्या होत्या. मला जन्म देऊन माझी आई गेली. तेव्हा सारजाने दुसऱ्या शेळीचे दूध बोळ्याने मला पाजले. थंडीत ती मला आपल्या घोंगडीत घेऊन निजे. तिच्या अंगाच्या वासालाच मी आई समजत असे.

मोठी झाल्यावर मी भरपूर दूध देऊ लागले. माझ्या करडांचे पोट भरले की उरलेल्या दुधाचे सारजा पनीर करी. लिंबू पिळून दूध फाडायचे, फडक्यात बांधायचे, वर दगड ठेवायचा. पहिल्यांदा ती ते घेऊन भिगवणच्या खानावळीत गेली, तेव्हा मालक रणजितने फडके उघडूनही बघितले नाही.

"शेळीच्या दुधाला वास येतो, मावशी."

"बोकड लांब बांधलं की न्हाय येत. खाऊन तर बघा."

त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. तेव्हापासून दर बाजाराला आमचे पनीर भिगवणला जाऊ लागले. धार काढताना सारजा ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगे आणि स्वतःशीच हसे.

मग एका पावसाळ्यात माझा एक सड सुजून दगडासारखा झाला. दुधातून रक्त येऊ लागले. सारजाचा नवरा आबाजी खाटकाला घेऊन आला.

"आता हिचा काय उपेग हाय?" तो म्हणाला.

"दुसरा सड हाय की," सारजा म्हणाली. "आन् त्योबी आटला तरी ती हितंच ऱ्हाईल."

खाटीक आल्या पावली परत गेला. सारजाने डॉक्टरांकडून औषध आणले, गरम पाण्याने मला शेकले. तो सड कायमचा गेला, पण मी वाचले.

पुढे आबाजीला लोणी देवकरला कारखान्यात काम लागले. तिथे राहायला एकच खोली होती, शेळ्यांना जागा नव्हती. बाकीच्या शेळ्या विकल्या. मला मात्र सारजाने ठमाबाईकडे आणून सोडले.

"हिला इकू नका, एवढंच," ती म्हणाली आणि मागे वळून न बघता टेम्पोत बसली. दाव्याला हिसके देत मी घसा बसेपर्यंत ओरडले.

ठमाबाई मायाळू आहे. वैरण-पाण्याला ती कधी चुकत नाही. पण तिला कामे फार. माझ्याशी बोलायला तिला सवड नसते.

गेल्या उन्हाळ्यात सारजा आली. केस पांढरे झाले होते, चाल मंदावली होती. माझ्या कुशीजवळ ती उकिडवी बसली आणि सवयीने तिचा हात कासेखाली गेला. कास रिकामी होती. मी केव्हाच आटले होते. मी अंग चोरून घेतले.

"मी काय दुधासाठी आले व्हय गं?" असे म्हणून तिने माझ्या पोटावर डोके टेकले. एसटीची वेळ होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या दारात दूध न देणारे जनावर असेल, तर त्याला चारा-पाणी द्याच. पण कधी काही काम नसतानाही त्याच्याजवळ जाऊन बसा. सारजा पुन्हा येईल की नाही, मला ठाऊक नाही. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, की मी उठून उभी राहते.