वादळाची वरची बाजू

"नायट्रोजनच आहे. बघा, एकही रेघ पुसट नाही," असं म्हणत तिने खुर्ची मागे सरकवली आणि प्रयोगशाळेतल्या दोघा सहकाऱ्यांना पडद्यासमोर जागा करून दिली.

आदल्या रात्री दूरच्या एका वादळाच्या माथ्यावर, ढगांच्याही कितीतरी वर, लाल उजेड क्षणभर फाकला होता. डोंगरावरच्या कॅमेऱ्याने तो टिपून त्याचे रंग वेगळे केले होते. असा स्वच्छ वर्णपट मिळावा म्हणून ती वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती.

खाली जबरदस्त वीज कोसळली की वर हा उजेड फुटतो. ती वीज नेमकी कुठे पडली, एवढंच नकाशावर बघायचं राहिलं होतं. तेवढ्यात वहिनीच्या भावाचा फोन आला. रात्री दादा गेला. गॅरेजच्या पत्र्यावरची ताडपत्री वाऱ्याने सुटली, ती बांधायला तो शिडीवर चढला आणि वीज अंगावर पडली. फोन बंद पडले होते, म्हणून कळवायला सकाळ उजाडली.

तिने फोन ठेवला. कुणाला काही न सांगता नकाशा उघडला. विजेचा ठिपका दादाच्या गावावर होता. वेळही त्या लाल उजेडाचीच. एक सहकारी मागून म्हणाला, "नशीब काढलंस बाई."

बसमध्ये तिला रडू आलं नाही. दादा दर वेळी चिडवायचा, आमच्या बाईसाहेब ढगांच्या वरचं सगळं बघतात, खाली आमच्याकडे यायला मात्र त्यांना सवड नाही. ती हसून पुढच्या महिन्यावर ढकलायची.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. रात्रीपासून तिने पाण्याचा थेंबही घेतलेला नव्हता, असं वहिनीच्या आईने दारातच सांगितलं. नणंदेला पाहून वहिनीने जवळ बसायची खूण केली आणि हळूच विचारलं, "वन्सं, तुमचा अभ्यास आहे ना हा? मग खरं सांगा. त्यांना कळलं असेल का?"

वीज वर आकाशात काय करते, हे तिला तोंडपाठ होतं. खाली माणसाचं काय होतं, याचं एक पानही तिने कधी वाचलं नव्हतं.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "कळायच्या आत झालं सगळं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. केव्हाचा भरून ठेवलेला पेला नणंदेने तिच्या हातात दिला, आणि वहिनी पाणी प्यायली.