निळी फुलं

शर्टावर लावायला दिलेला पाहुण्यांचा गोल स्टिकर मनोहरने हातातच ठेवला आणि घोळक्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काका, पुढे या ना," आजची गाइड प्रणिता मराठीत म्हणाली. "आलात, बरं वाटलं. काकू म्हणायच्या, आमच्या ह्यांना जुन्या घरांची ॲलर्जी आहे."

"इथेच ठीक आहे."

बागेतला हा काळा-पांढरा बंगला एका इंग्रज साहेबाचा. त्याची बायको सरोजिनी नऊ वर्षं दर शनिवारी इथे लोकांना घर दाखवायची. मनोहर एकदाही आला नव्हता. तिला जाऊन तीन महिने झाले. इथली रीत अशी, की गाइड वारला की त्याच्या वहीतलं वाचत एक फेरी करायची, शब्द न बदलता. मग वही कपाटात. ती फेरी आज होती. तिचं बोलणं एकदा तरी नीट ऐकावं, एवढ्यासाठी तो आला होता.

प्रणिता इंग्रजीत वाचत होती. जेवणघर झालं, नोकरांचा जिना झाला. मग सगळे व्हरांड्यात आले.

"इथे साहेबाची बायको संध्याकाळी बसायची. बागेतून फिरून आली, की आज काय फुललं ते नवऱ्याला सांगायची. तो पेपरातून मान वर काढायचा नाही. एकदा ती म्हणाली, 'आज रेन ट्रीला निळी फुलं आलीत.' त्या झाडाची फुलं गुलाबी असतात. तरी तो म्हणाला, 'छान.' मग ती रोज एक खोटं फूल सांगू लागली. अकरा वर्षं सांगत राहिली. तो दर वेळी छान म्हणाला."

लोक हसले. मनोहरही हसायच्या बेतात होता.

आंग मो किओतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पोळी वाढताना सरोजिनी हेच म्हणाली होती. निळी फुलं. त्याच्या हातात फोन होता, बँकेची कसली तरी मेल. तो छान म्हणाला होता. लक्षात राहिलं ते एवढ्यासाठी, की ती वाढायची थांबली होती, आणि त्याने ताट पुढे सरकवून 'अर्धीच दे' म्हटलं होतं.

तिने सांगितलेली बाकीची फुलं कोणती, ते काही केल्या आठवेना.

पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या चिनी बाईंनी विचारलं, "मग नवऱ्याला कळलं का कधी?"

प्रणिताने पान उलटलं आणि होतं ते जसंच्या तसं वाचलं.

"'हा प्रश्न लोक विचारतात. हसावं आणि त्यांना पुढच्या खोलीत न्यावं.'"

पुन्हा हशा झाला. प्रणिताही हसली आणि पुढच्या खोलीकडे वळली. घोळका तिच्यामागे गेला.

मनोहर कठड्याशी थांबला. समोर बागेत मोठमोठी झाडं होती. त्यांतला रेन ट्री कोणता, हे विचारायला मागे कुणी राहिलं नव्हतं.