मातकट

चित्र टांगलं होतं, पण कुठं? जिन्याखाली. एका बाजूला बांबूच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला काथ्याचे हत्ती. खाली चिठ्ठी: 'हस्तकला'.

सुलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकोणऐंशी साल. शाळेत चित्रकला शिकवणारी बाई ती. कलामंडळाच्या प्रदर्शनात जलरंगांसाठी चित्र दिलं होतं, टोपल्यांसाठी नाही. शेजारी तिचा बाप मल्हारी, लेकीचं चित्र बघायला इस्त्रीचा सदरा घालून आलेला. जन्म खाणीत खडी फोडण्यात गेला त्याचा.

मंडळाचे चिटणीस रावजी सर फीत बांधत होते. सुला थेट जाऊन उभी राहिली.

"सर, माझं चित्र जिन्याखाली कसं?"

"परीक्षकांनी ठरवलं, बाई. रंग मातकट आहेत म्हणाले."

"मातीचेच आहेत. मातकट नाहीत."

"तेच म्हणतो ना मी! माती म्हटलं की हस्तकला."

मातकट. वर्गात पोरांनी चार रंग कालवून चिखल केला की सुला स्वतःच हा शब्द वापरायची. पण हा चिखल होता का? खाणीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक लाल पट्टा असतो. कधीकाळची उघडी माती ती. वरून तापलेला दगड वाहत आला आणि ती भाजून निघाली. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत हिरवं काहीतरी धरलेलं असतं, वाळल्या शेवाळासारखं. मल्हारी दोन्ही आणायचा. सुला पाट्यावर वाटायची, पाण्यात ढवळून जाड कण खाली बसू द्यायची, वरचा बारीक गाळ वाळवून धावड्याच्या डिंकात घोटायची. डोंगर काढला होता तो त्याच डोंगराच्या रंगात. यात टोपली कुठली आली?

"सर, तुमच्या पेटीत बर्न्ट सायना आहे ना?"

"आहे की. विलायती ट्यूब."

"सायना सायना करता, ते इटलीतलं गाव आहे. सिएना. तिथली माती भाजून ट्यूबमध्ये भरली. त्यांच्या गावची माती भाजली की जलरंग, आणि आमच्या डोंगरानं भाजली की हस्तकला?"

रावजी सर हसले. "बोलता छान. पण त्या मुंग्या बघा आधी."

खरंच. चित्रातल्या हिरव्यावर मुंग्यांची रांग लागली होती. सुलानं जवळ जाऊन बघितलं. रंग तडकू नये म्हणून डिंकात मध घालतात. मध मिळाला नाही म्हणून तिनं काकवी घातली होती, आणि हिरवा फार तडकतो म्हणून त्यात जरा जास्तच.

"ती माझी चूक," ती म्हणाली. "त्यासाठी बक्षीस देऊ नका. पण चिठ्ठी खोटी लावू नका."

"अहो, खोटी कसली? कौतुकच केलंय. हस्तकलेत उत्तेजनार्थ बक्षीस ठेवलंय तुम्हाला. तुमच्या लोकांच्या हातात परंपरेनं येतं हे, आम्हाला कुठं जमतं?"

तुमच्या लोकांच्या! सुला तोंड उघडणार तेवढ्यात मल्हारी पुढं झाला.

"आमची परंपरा खडी फोडायची हाय, साहेब. रंग माझ्या पोरीनं काढला. तिच्या आधी आमच्यात कुनी काढला नाय."

रावजी सर फितीकडं वळले. "पाहुणे यायची वेळ झाली. हॉलमध्ये एक खिळा मोकळा नाही. घोळ घालू नका."

"नसू दे खिळा," सुला म्हणाली.

तिनं चित्र काढलं, फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि सरळ जलरंगांच्या हॉलमध्ये शिरली. चित्राची एक कड तिनं धरली, दुसरी मल्हारीनं. दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन बाजूंना गोदाघाटाची पाच-पाच चित्रं, सगळी सारखी.

फीत कापली गेली. पाहुणे फिरत फिरत समोर आले आणि थबकले.

"हे काय आहे?"

"ते... हस्तकला विभागातलं, चुकून इकडं..." रावजी सर घाईनं म्हणाले.

"जलरंग हाय, साहेब!" मल्हारी ओरडलाच. खाणीत सुरुंग लावताना हाळी देतात तसा.

हॉल वळून बघू लागला. पाहुणे मान हलवून पुढं गेले. मागून दुसरे आले, तिसरे आले. रावजी सर दारातून हातानं खुणा करत होते, गप करा त्याला.

मल्हारी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिला, तितक्याच मोठ्यानं. सुलानं त्याला एकदाही हळू बोल म्हटलं नाही.